मतदारांची यादी आणि लोकांचें राज्य

उमेदवार निवडण्याचा अधिकार पक्षाच्या पुढाऱ्यांकडून काढून थेट मतदारांस दिला, कीं राज्य आपोआप लोकांचें होतें, अशी कांहीं पंडितांची दृढ समजूत आहे. ही समजूत भाबडी आहे. आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत झालेल्या गव्हर्नरांच्या निवडणुकांनींच ती खोटी पाडली आहे.

पंडितांचा आवडता दाखला विस्कॉन्सिनचा. रॉबर्ट ला फॉलेट यांस १८९६ व १८९८ सालीं पक्षाच्या परिषदेनें उमेदवारी नाकारली. रेल्वे आणि लांकूड यांच्या धनिकांचें वजन तेथें फार. १९०० सालीं ते गव्हर्नर म्हणून निवडून आले, आणि १९०४ सालीं थेट निवडीचा कायदा लोकांच्या कौलानें मंजूर झाला. कॅलिफोर्नियांत १९१० सालीं हायरम जॉन्सन यांनीं सदर्न पॅसिफिक रेल्वेचें वर्चस्व मोडण्याचा पण करून याच मार्गानें गव्हर्नरपद मिळविलें; पुढच्याच वर्षीं तेथील स्त्रियांस मताधिकार मिळाला. येथवर पंडितांचें म्हणणें मान्य.

पण मिसिसिपीचें नांव ते कां घेत नाहींत? तेथें १९०३ सालींच उमेदवार थेट मतदानानें निवडला गेला. निवडून कोण आला? कृष्णवर्णीयांच्या शिक्षणावरील खर्चाविरुद्ध रान उठविणारा जेम्स वार्डमन! १८९० च्या राज्यघटनेनें मतदानाचा कर आणि घटनेचें कलम वाचून वा समजून दाखविण्याची अट घालून कृष्णवर्णीयांस यादीबाहेर काढलेंच होतें. त्यावर डेमोक्रॅटिक पक्षानें ही निवड केवळ गोऱ्यांपुरती ठेविली. पक्षाचा उमेदवार विजयी होणार हें ठरलेलेंच, म्हणजे खरी निवडणूक तीच. आणि त्या राज्यांत कृष्णवर्णीयांचीच संख्या अधिक होती!

कोणी म्हणेल, दोष वर्णद्वेषाचा, पद्धतीचा नव्हे. मग विस्कॉन्सिनचें यशहि पद्धतीच्या पदरांत कां घालतां? शिवाय पद्धत अगदींच निर्दोष नव्हती. उमेदवाराची निवड ही पक्षाची खाजगी बाब, या सबबीआड ही बंदी दक्षिणेंत दीर्घकाळ टिकली. टेक्सासच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ती अवैध ठरविली ती १९४४ सालीं.

पुढाऱ्यांची बंद खोली उघडली हें चांगलेंच झालें. परंतु दार उघडून उंबरठ्यावर पहारा बसविला, तर आंत जमलेल्यांस लोक म्हणणें ही लबाडी आहे. मत कसें घेतात हें मागाहून विचारावें. यादींत कोण नाहीं, हें आधीं.