होडीचा पोळा

आर्वीच्या माणसाने शिडाच्या होडीविषयी लिहावे, याला काही वाचक दिवाळीच्या फराळाबरोबरचा विनोद समजतील. समुद्र आमच्यापासून सहाशे किलोमीटर दूर. आमच्या गावाची ओळख कापसाची. येथे पांढरे शीड दिसायचे ते सरकी काढलेल्या गाठींच्या राशीतच! पण क्षणभर विचार करा. जुन्या काळी शीड कशाचे होत असे? कापसाचे. लाकडी होडीच्या दोन फळ्यांमधल्या फटीत काय ठासतात? कापूसच, आणि मग वरून तेल व राळ. तेव्हा होडी आमची कोणीच लागत नाही, असे आम्हांला म्हणता यायचे नाही.

शिवाय आता पाणीही दाराशी आले आहे. मुलताईकडून निघालेली वर्धा मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाने अडली आणि आमच्याच तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा धरणाने पुन्हा अडली. पाणी आहे, कापूस आहे, वाराही आहे. नाही ती होडी बाळगण्याची अक्कल.

‘बाळगणे’ हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. होडी विकत घेणे सोपे. पैसे मोजले की झाले. बाळगणे म्हणजे दरसाल तिची उठाठेव करणे. आणि माझा वाद आहे तो येथेच. आपल्या समाजाला घेण्याची हौस दांडगी आणि बाळगण्याचा कंटाळा त्याहून दांडगा! नवी वस्तू आली की नारळ फुटतो, फोटो निघतो, पेढे वाटले जातात. दुसऱ्या वर्षी तिचा एक खिळा निघाला तर तो ठोकणे हे कोणाचेच काम नसते. खंडेनवमीला आपण अवजारांना हळदकुंकू वाहतो. पण त्याच हाताने तेलाचे बोट फिरवायचे मात्र विसरतो. कुठल्याशा तलावाच्या काठी उन्हाने भेगाळलेली, पोटात पावसाचे पाणी आणि शेवाळ साठलेली होडी आपण सर्वांनीच पाहिली आहे. ती बुडाली नाही; तिला कोणी बाळगलेच नाही.

आर्वीकरांना याचा दाखला शोधायला दूर जायला नको. पुलगाव ते आर्वी ही चिमुकली रेल्वे १९१७ साली सुरू झाली. आमचा कापूस तिनेच बाहेर नेला. रूळ खासगी कंपनीच्या मालकीचे आणि गाडी चालवायची सरकारी रेल्वेने, असा तिचा संसार. घर एकाचे, राहणारा दुसरा. अशा घराचे फुटके कौल कोण बदलणार? ती गाडी बंद पडली. मग आम्ही तिच्या आठवणी काढून गहिवरलो. गहिवर फुकट असतो. डागडुजीला पैसे पडतात!

आता कोणी म्हणेल, “अहो, जुन्या होडीच्या नादी लागावेच कशाला? नवी घ्या, वर इंजिन बसवा.” या शहाण्यांना जोशुआ स्लोकम याची हकीगत सांगावी. अमेरिकेत फेअरहेवन गावी एका शेतात पडून राहिलेली ‘स्प्रे’ नावाची जुनाट होडी त्याला एका स्नेह्याने देऊ केली. गावकरी समजले, हा ती मोडीत काढणार. त्याने तेरा महिने खपून तिची जवळजवळ प्रत्येक फळी बदलली. सामानाला खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. १८९५ साली त्याच होडीत बसून तो निघाला आणि १८९८ साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतला. असे करणारा तो जगातला पहिला माणूस. आपल्या होडीतली फळी न् फळी त्याच्या हाताखालून गेली होती, आणि तीच त्याची खरी शिदोरी होती.

परदेशचे उदाहरण नको असेल तर गोव्याला चला. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादई’ ही छप्पन फुटी शिडाची नौका बांधली गेली. नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे बांधणी चालू असताना तेथे राबले आणि मगच २००९ च्या ऑगस्टात मुंबईहून निघाले. वाटेत फक्त चार बंदरे घेऊन ते २०१० च्या मे महिन्यात परतले. एकट्याने पृथ्वी फिरणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कोठेही न थांबता फिरून आले, तेही याच ‘म्हादई’तून! एक प्रदक्षिणा झालेली नौका कोणी भंगारात काढली नाही. तिची देखभाल झाली आणि तिने त्याहून अवघड काम केले.

“हे सारे समुद्राचे झाले, आमच्या नदीचे काय?” असे विचाराल, तर त्याचे उत्तर कडू आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी याच वर्धा नदीत, वरुड तालुक्यात झुंज येथे एक लहान होडी उलटली आणि अकरा जीव गेले. अशा दुर्घटनेनंतर आपण काय करतो? बंदीचा फलक लावतो. फलक गंजतो, नदी वाहत राहते आणि माणसे पुन्हा मिळेल त्या होडीत बसतात. कायदा नाही असेही नाही. त्या घटनेच्या आदल्याच महिन्यात देशात नवा अंतर्देशीय जलयान कायदा मंजूर झाला होता आणि यंत्राविना चालणाऱ्या होड्यांचाही विचार त्यात केलेला आहे. पण कायद्याचा कागद होडीच्या फटीत बोट घालून पाहत नाही. ते बोट मालकाचे असावे लागते. होडी कोणाची, तिची तपासणी केव्हा झाली, तीत किती माणसे बसवायची, हे प्रश्न काठावर उभे राहून विचारण्याची सवय ज्या समाजाला नाही, त्याला बंदी वाचवू शकत नाही.

ही सवय लावणारी शाळा म्हणजे लहान, जुनी शिडाची होडी. १९५६ साली जॅक होल्ट या इंग्रज गृहस्थाने ‘एंटरप्राइज’ नावाची दोन माणसांची, सव्वातेरा फुटांची होडी आखली. हौशी माणसाला घरी प्लायवूडची बांधता यावी, हा त्यामागचा हेतू. त्याहून लहान ‘ऑप्टिमिस्ट’, मुलांसाठी १९४७ साली अमेरिकेत निघालेली. अशी एखादी जुनी होडी आर्वीच्या एका शाळेने आणावी, असे माझे म्हणणे आहे.

तिचे काम काय असते? पाऊस संपला की ती उताणी नव्हे, पालथी आणि लाकडी ठोकळ्यांवर ठेवायची, म्हणजे खालून वारा खेळतो. लाकूड कुजते ते बहुधा साचलेल्या गोड्या पाण्याने. म्हणून तळाचे बूच काढून ठेवायचे. बोथट सुरीच्या टोकाने लाकूड दाबून पाहायचे. जेथे टोक रुतले तेथे कुजले समजावे. शीड सावलीत वाळवून गुंडाळायचे, कारण उन्हाने कापडाचा जीव जातो आणि आधी शिवण उसवते. सुकाणूच्या बिजागऱ्या, दोर, डोलकाठी, सारे हाताने चाचपायचे. आमच्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात होडीला छप्पर हवेच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे होडीतले हवाबंद कप्पे. होडी उलटली तरी ती तरंगत राहते ती त्यांच्यामुळे. त्यांत पाणी शिरते का, आणि अंगात घालायची तरंगती जाकिटे खरोखर माणूस पेलतात का, हे दरसाल पाण्यात उतरवून पाहायचे. धरणावर जायचे तर पाटबंधारे खात्याची परवानगी रीतसर घ्यायची आणि पोहणे आल्याखेरीज कोणाला बसवायचे नाही. ज्या पोराने हे दोन वर्षे केले, ते पुढे कोणत्याही घाटावर फुटक्या, गच्च भरलेल्या होडीत मुकाट्याने पाऊल टाकणार नाही. माझी सारी वकिली त्या एका पावलासाठी आहे.

खर्चाचे म्हणाल, तर जुनी होडी पैशापेक्षा वेळ अधिक खाते. आणि जुन्यावर आंधळे प्रेम करा, असेही मी म्हणत नाही. जी कण्यापासून कुजली ती खुशाल होळीत घाला. पण ती कुजली हे कळण्यासाठी तरी तिच्याजवळ जावे लागते ना?

कोकणात पावसाळाभर झावळ्यांखाली शाकारलेल्या होड्या नारळी पौर्णिमेला तेलपाणी होऊन, सजून समुद्रात उतरतात. त्यानंतर पंधराच दिवसांनी, त्याच श्रावणाच्या अमावास्येला, आमचा पोळा येतो. आदल्या संध्याकाळी आम्ही खांदशेकणी करतो; वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा तूप-हळदीने शेकतो. कोकणातला दर्यावर्दी आणि विदर्भातला शेतकरी, दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक होती : जो आपल्याला वाहून नेतो, त्याचा खांदा आधी पाहावा. शिंगांना बेगड लावण्याची पाळी त्यानंतरची.

आज आपण बेगड तेवढे ठेवले आणि खांदा विसरलो. या दिवाळीत घराला रंग दिला असेल, छान झाले. आता अडगळीत पडलेली एक तरी वस्तू बाहेर काढा, तिचा निघालेला खिळा ठोका, तेल द्या आणि शेजारी मुलाला बसवून घ्या. धनोडीच्या पाण्यावर शीड उभे राहायचे असेल, तर त्याचा आरंभ कोणाच्या तरी अंगणात, तेलाच्या वाटीपासूनच व्हायला हवा.