उजव्या मार्गिकेची मक्तेदारी

पुण्याहून मुंबईकडे निघालेली मोटार घाट उतरून खालापूरचा टोलनाका ओलांडते, तेव्हा पुढचा रस्ता बराचसा सरळ आणि सपाट असतो. एका दिशेला तीन मार्गिका. डावी जड वाहनांची, मधली मोटारींची, आणि दुभाजकालगतची उजवी केवळ पुढे जाणाऱ्यांची. पुढचे वाहन मागे टाकावे आणि पुन्हा मधल्या मार्गिकेत यावे, इतका साधा हा नियम. प्रत्यक्षात त्या उजव्या मार्गिकेत ताशी 70 किलोमीटर वेगाने एक मोटार निवांत चाललेली असते. तिच्यापुढे अर्धा किलोमीटर रस्ता मोकळा असतो आणि मागे आठ-दहा वाहनांची रांग लागलेली असते. मधली मार्गिका रिकामी असली तरी ती तिकडे सरकत नाही. मागून डिपर दिला जातो, हॉर्न वाजतो, पण चालकाची मानसुद्धा हलत नाही.

हा चालक उद्धट असतोच असे नाही. बहुधा तो सज्जन गृहस्थ असतो. त्याने आसनपट्टा लावलेला असतो, तो मोबाइलवर बोलत नसतो, मागे मुले आणि वृद्ध आई बसलेली असतात आणि आपण सावकाश चालतो याचा त्याला मनोमन अभिमान असतो. सावकाश म्हणजे सुरक्षित, आणि जो सुरक्षित चालतो त्याला कोणी काही बोलू नये, असे त्याचे सरळ गणित असते. हे गणित चुकीच्या पायावर उभे आहे. सावकाश चालण्याला कोणाचीच हरकत नाही. त्यासाठी डावीकडे दोन मार्गिका राखून ठेवलेल्या आहेत. हरकत आहे ती जागेला. बाजारपेठेतल्या दुकानदाराला हे निराळे सांगण्याची गरज नसावी. गिऱ्हाईक कितीही भले असले तरी ते दुकानाच्या दारातच पिशवी टेकवून उभे राहिले, तर मागच्या गिऱ्हाइकांची वाट अडतेच.

वाट अडली की पुढे काय होते, याचा एक बोलका प्रयोग जपानमधील संशोधकांनी करून पाहिला होता. नागोया विद्यापीठातील या मंडळींनी 230 मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर 22 मोटारी चालवावयास लावल्या. चालकांना सूचना एवढीच, की ताशी सुमारे 30 किलोमीटर वेगाने एकामागोमाग चालत राहावे. मार्गावर वळण अरुंद नव्हते, सिग्नल नव्हता, कोणी आडवे येत नव्हते. तरीही थोड्याच वेळात एकाने किंचित गती कमी केली, मागच्याने थोडी अधिक, त्याच्या मागच्याने आणखी अधिक, आणि काही मोटारी चक्क थांबल्या. ती कोंडी एका जागी न राहता ताशी सुमारे 20 किलोमीटर वेगाने उलट दिशेने मागे सरकत राहिली. हा प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. उजव्या मार्गिकेत निष्कारण सावकाश चालणारा गृहस्थ अशी लाट आपल्या मागे सोडत जातो. ज्याला दोन किलोमीटर मागे अचानक ब्रेक दाबावा लागतो, त्याला कारण दिसत नाही. आणि ज्याच्यामुळे ते घडले तो तोवर बराच पुढे निघून गेलेला असतो.

मोटारीपेक्षा ट्रकची गोष्ट निराळी, आणि ती व्यापारी घरांनी थोडी थांबून समजून घेण्याजोगी आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने चाललेल्या एका ट्रकला ताशी 62 किलोमीटर वेगाचा दुसरा ट्रक मागे टाकू पाहतो. दोघांची लांबी प्रत्येकी 12 मीटर आणि मागे-पुढे 8-8 मीटर अंतर धरले, तर मागच्याला पुढच्यापेक्षा 40 मीटर अधिक चालावे लागते. वेगातला फरक ताशी अवघा 2 किलोमीटर. म्हणजे हे काम उरकायला 72 सेकंद लागतात आणि तेवढ्या अवधीत दोन्ही ट्रक शेजारी-शेजारी जवळजवळ सव्वा किलोमीटर रस्ता अडवून चालतात. जर्मन भाषेत या प्रकाराला ‘हत्तींची शर्यत’ अशा अर्थाचा शब्दच रूढ आहे. आपल्याकडे शब्द नाही, दृश्य मात्र रोजचे आहे.

मागे अडकलेल्या मोटारीतून ट्रकचालकाच्या नावाने जे काही बोलले जाते, ते इथे लिहिण्याजोगे नाही. पण त्या ट्रकच्या हौद्यात काय असते? कापडाच्या गाठी, धान्याची पोती, भांडी, औषधांची खोकी, लोखंडी सळया. म्हणजे बोलणाऱ्याचाच माल, किंवा त्याच्या व्याह्याचा, नाहीतर शेजारच्या पेढीचा. बिल्टी फाडताना ‘माल उद्या सकाळी दुकान उघडायच्या आत उतरला पाहिजे’ असे ट्रान्सपोर्टवाल्याला बजावणारेही तेच. टनामागे भाडे कमी पडावे म्हणून ‘अजून थोडी पोती बसतील’ असा आग्रह धरणारेही पुष्कळदा तेच. जादा भरलेला ट्रक चढणीला लागला की त्याचा वेग बैलगाडीशी स्पर्धा करू लागतो. एकदा गती तुटली तर पुन्हा खालच्या गिअरपासून सुरुवात, आणि डिझेलचा खर्च वेगळा. म्हणून असा चालक समोरच्या आणखी सावकाश ट्रकमागे थांबण्याऐवजी उजवीकडे घुसतो. तो नियम मोडतो हे खरेच आहे. मात्र त्याच्या पाठीवरचे ओझे कोणी चढवले, हा प्रश्न रस्त्यावर कोणी विचारत नाही.

मोटारी उजवीकडे का चिकटून राहतात, याचीही काही कारणे खरी आहेत. द्रुतगती मार्ग सोडून साध्या महामार्गावर आले की डावी बाजू हा एक स्वतंत्र संसार असतो. तिथे उलट दिशेने येणारी दुचाकी भेटते, ढाब्यासमोर अर्धवट रस्त्यावर उभा केलेला टँकर भेटतो, बसची वाट पाहणारी माणसे, जनावरे आणि जड वाहनांनी दबून खड्डे पडलेला डांबराचा पट्टा भेटतो. या सर्वांपासून दूर म्हणून चालक दुभाजकाचा आधार धरतो आणि ती सवय मग सहा पदरी मार्गावरही सुटत नाही. शिवाय परवाना देताना जी परीक्षा होते, तीत मार्गिकेची शिस्त कशी पाळावी हे किती जणांना विचारले जाते? गाडी मागे घेता आली, आठ काढून दाखवला, की परवाना हाती पडतो. मार्गिका ही शिकवण्याची गोष्ट आहे, हेच बहुतेकांच्या गावी नसते.

कायद्यात मात्र संदिग्धता नाही. 1989 च्या रस्ता नियमांत वाहन शक्य तितके डाव्या बाजूने चालवावे आणि पुढे जाऊ पाहणाऱ्या वाहनास अडथळा करू नये, त्या वेळी आपला वेगही वाढवू नये, असे म्हटले होते. 2017 साली नवी नियमावली आली, पण मूळ तत्त्व बदलले नाही. अशा नियमभंगाबद्दल मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार 500 ते 1000 रुपये दंड होऊ शकतो. इंग्लंडमध्ये 2013 सालापासून मधली मार्गिका अडवून ठेवणाऱ्यालाही पोलीस जागेवरच 100 पौंड दंड करू शकतात आणि परवान्यावर तीन गुण चढतात. आपल्याकडे मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा बसली आहे आणि वेगमर्यादा ओलांडणाऱ्यांना घरपोच चलन येते. त्यामुळे उजव्या मार्गिकेत रेंगाळणाऱ्याला एक नवा युक्तिवाद सापडला आहे. ‘इथे 100 ची मर्यादा आहे, मी 100 नेच चाललो आहे, मग मागच्याला वाट का द्यायची?’ असे तो विचारतो. याचे उत्तर असे, की मागच्याने मर्यादा ओलांडली तर त्याचा हिशोब कॅमेरा ठेवील. ते काम पुढच्या मोटारीकडे सोपवलेले नाही. मागे रुग्णाला घेऊन निघालेली खासगी मोटारही असू शकते, आणि तिच्या टपावर दिवा नसतो. शिवाय मोटारीतील वेगदर्शक काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणार नाही अशा बेताने तयार केलेला असतो, त्यामुळे काट्यावरचे 100 पुष्कळदा प्रत्यक्षात 94-95 असतात.

आता मागे अडकलेल्याकडे वळावे. त्याची चीड समजण्याजोगी असली तरी तिचे माप एकदा काढून पाहण्यासारखे आहे. पाच किलोमीटरपर्यंत 70 च्या वेगाने कोणाच्या मागे चालावे लागले, तर 100 च्या वेगाच्या तुलनेत तोटा होतो सुमारे सव्वा मिनिटाचा. एवढ्या सव्वा मिनिटासाठी तो पुढच्या मोटारीच्या मागे पाच-सहा मीटरवर गाडी चिकटवतो, सतत प्रखर दिवे चमकावतो, शेजारी बसलेल्या पत्नीचे बोलणे ऐकत नाही. ताशी 100 किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर धावते. दोन सेकंदांचे अंतर राखायचे तर मध्ये 56 मीटर जागा हवी. जर्मनीत उजवी बाजू सोडून निष्कारण डावीकडे रेंगाळणे जसा गुन्हा आहे (तेथे वाहने उजवीकडून चालतात, म्हणून पुढे जाण्याची मार्गिका डावी), तसेच मागून चिकटून दिव्यांनी दटावत राहणे हाही गुन्हा ठरू शकतो. दोघांना एकाच तराजूत तोलणारा तो कायदा न्याय्य वाटतो.

आणि मग ती घटका येते. उजवीकडे वाट मिळत नाही, हॉर्नचा उपयोग होत नाही.

“शेठ, डावीकडून काढू का?” चालक विचारतो.

मागच्या आसनावरील शेठजींना अकराच्या आत मस्जिद बंदरला पोहोचायचे असते. फोनवरची मान वर न करता ते म्हणतात, “जमत असेल तर बघ.”

या चार शब्दांत केवढी जोखीम भरलेली आहे, हे फोनमध्ये दिसत नाही. ट्रकचा चालक उजव्या बाजूला बसतो. त्याच्या डाव्या अंगाला, विशेषतः पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, आरशात न दिसणारी मोठी जागा राहते. मोटार नेमकी त्याच जागेतून पुढे घुसते. आणि उजव्या मार्गिकेतला ट्रक नियम आठवून डावीकडे परतू लागला, तर तो याच मोटारीवर येतो. जो चालक अखेर योग्य ते करू पाहतो त्याच्याच हातून अपघात घडावा, अशी ही विचित्र रचना आहे. मोटारचालक धक्का चुकवण्यासाठी आणखी डावीकडे वळतो. डावीकडे साइडपट्टी असते.

साइडपट्टी रिकामी नसते. द्रुतगती मार्गावर पादचाऱ्यांना आणि दुचाकींना बंदी असली तरी बंद पडलेला ट्रक तिथे उभा असतो आणि त्याचा क्लीनर चाकाखाली दगड लावत वाकलेला असतो. मुंबई–अहमदाबाद महामार्गासारख्या रस्त्यांवर तर दुधाचे कॅन बांधलेली मोटारसायकल, शाळेला निघालेली मुले, कारखान्याची पाळी संपवून परतणारे कामगार, सारे याच पट्ट्यावरून जातात. आणि चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा उलटली की साधू-साध्वींचे विहार सुरू होतात तेही याच पट्ट्यावरून. वाहनाचा त्याग केलेली ही मंडळी पाठीमागून येणाऱ्या वाहनांच्या सर्वांत डावीकडे, सर्वांत सावकाश चालत असतात. विहारातील अपघाताची वार्ता आली की गावोगावच्या संघांत हळहळ होते, सभा भरतात, वेगाला आणि बेपर्वा ट्रकचालकाला दोष दिला जातो. त्यात तथ्यही असते. परंतु वाहन साइडपट्टीपर्यंत का आले, याचा माग काढत गेले तर तो काही वेळा दुभाजकालगतच्या मोकळ्या रस्त्यावर निवांत चाललेल्या एखाद्या मोटारीपर्यंत पोहोचू शकतो. त्या मोटारीला ओरखडाही उठलेला नसतो. पंचनाम्यात तिचा क्रमांक येत नाही. ती ठरलेल्या वेळी घरी पोहोचते, आणि प्रवास कसा झाला असे कोणी विचारले, तर ‘अगदी आरामात, कुठेही घाई केली नाही’ असे उत्तर मिळते.

अलीकडे अनेक गावांतील तरुण विहारात चमकणारी जाकिटे घालून, हातात विजेरी घेऊन साधू-साध्वींसोबत चालतात. पहाटेच्या अंधारात ते मागून येणाऱ्या वाहनांना हात दाखवून उजवीकडे जाण्याची खूण करतात. ती खूण पाळायची, तर उजवीकडे जागा मोकळी असावी लागते.