‘तर’ आणि ‘तरच’



क्लॅट, बँक अधिकारी भरती यांसारख्या परीक्षांची तयारी आज आपल्या अनेक घरांत चालू आहे. तर्कक्षमतेच्या प्रश्नांत हुशार विद्यार्थीही अडखळतो तो सशर्त विधानापाशी. क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. म्हणून अंदाज उपयोगाचा नाही.

आपल्या परिचयाचे विधान घेऊ : ‘धनादेशावरील तारखेस तीन महिने उलटून गेले असतील, तर बँक तो वटवीत नाही.’ हा नियम 2012 पासून लागू आहे. यावरून दोनच निष्कर्ष निघतात. मुदत उलटली असेल, तर धनादेश वटणार नाही. आणि धनादेश वटला असेल, तर तो मुदतीतला होता.

‘धनादेश परत आला, म्हणजे मुदत संपली होती’ हा निष्कर्ष मात्र चूक. खात्यात शिल्लक नसेल, सही जुळत नसेल. ‘मुदतीतला आहे, म्हणजे वटेलच’ हेही त्याच कारणाने चूक.

हेच विधान ‘मुदतीत असेल, तरच वटेल’ असे येते, तेव्हा विद्यार्थी फसतो. ‘तरच’ आवश्यक अट सांगतो. ती अट पुरेशी आहे, असे सांगत नाही. ‘मुदतीत असल्याशिवाय वटत नाही’ या वाक्याचा अर्थही तोच.

आपल्या आचार्यांनी हा विचार फार पूर्वी केला. जैन न्यायात खऱ्या हेतूचे लक्षण एकच, अन्यथानुपपत्ती : साध्यावाचून जो संभवत नाही, तो हेतू. अग्नीवाचून धूर नाही, म्हणून धुरावरून अग्नीचे अनुमान होते. उलट अनुमान होत नाही; तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ही व्याप्ती जाणणाऱ्या तर्कास ‘परीक्षामुख’कार माणिक्यनंदी आणि ‘प्रमाणमीमांसा’कार हेमचंद्राचार्य या दोघांनीही स्वतंत्र प्रमाण मानले आहे.

मुलांनी प्रत्येक सशर्त विधान ‘अमुक असेल, तर तमुक’ असे कागदावर मांडावे, आणि शेजारी ‘तमुक नसेल, तर अमुक नाही’ असे लिहावे. विधान एवढेच सांगते.

पेढीवरील वडीलधाऱ्यांनीही हा अभ्यास करावा. पैसे बुडविणाऱ्याचा धनादेश परत येतो. पण ज्याचा परत आला, तो प्रत्येक जण बुडवा नव्हे. परतीच्या मेमोवरील कारण वाचण्यापूर्वी कोणाच्या पतीविषयी बाजारात शब्द काढणे, हा तर्कदोष आहेच. आपल्या सत्यव्रतालाही तो बाधक आहे.