जुळले म्हणजे बरोबर असते का?

पाया आखताना आपल्याकडचा गवंडी काटकोन काढायला 3, 4 आणि 5 फुटांचे माप धरतो. बाजू अशा असल्या की काटकोन आपोआप येतो. तो वेगळा सांगावा लागत नाही. गवंड्याला सोपी असलेली हीच गोष्ट संगणकाला मात्र चकवू शकते.

यंत्राच्या भागांची चित्रे हल्ली कॅड सॉफ्टवेअरवर काढतात. रेघ ओढायची आणि अटी घालायच्या: ही आडवी, ही 40 मिलिमीटर, या दोन समांतर. प्रत्येक अट म्हणजे समीकरण. ती सगळी एकदम सोडवून चित्र जागेवर बसवतो तो ‘सॉल्व्हर’. इव्हान सदरलंड यांनी 1963 मध्ये एमआयटीत ‘स्केचपॅड’ करून ही वाट दाखवली.

आता तोच त्रिकोण घ्या. तीन बिंदूंचे मिळून सहा आकडे शोधायचे. बाजूंच्या तीन अटी, काटकोनाची एक आणि एक कोपरा जागेवर खिळवल्याच्या दोन. सहाला सहा, हिशेब जुळला! पण काटकोनाची अट नवे काहीच सांगत नाही. त्रिकोण त्या कोपऱ्याभोवती अजून मोकळा फिरतो. आम्हा बँकवाल्यांना ही जात ओळखीची आहे. रामरावांची रक्कम शामरावांच्या खात्यात पडली, तरी ट्रायल बॅलन्स जुळतोच.

उलट 5 च्या जागी 5.1 लिहिले, तर काटकोनाची ती जादा अट विरोधी ठरते. जादा कुठे संपते आणि विरोध कुठे सुरू होतो, ही सीमा किती दशांशांवर आखायची? सैल आखली तर चूक लपते, घट्ट आखली तर बरोबर चित्रही नाकारले जाते. सॉल्व्हर लिहिणाऱ्याची परीक्षा इथेच असते.

माझ्या मते चांगला सॉल्व्हर स्पष्ट ‘नाही’ म्हणतो आणि कोणत्या अटी भांडताहेत तेही सांगतो. मुकाट्याने रेघ सरकवणारा घातकी. त्या रेघेवरून कापलेला भाग अकोल्याच्या डाळमिलमध्ये बसला नाही, तर लोखंड आणि मजुरी वर्कशॉपवाल्याचीच बुडते.

अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 पासून आहे. पुण्यात कॅड सॉफ्टवेअर घडवणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्या मुलांनी तिथे जाऊन नुसती बटणे का दाबावीत? ‘फ्रीकॅड’ फुकट मिळते, त्याच्या सॉल्व्हरचा मूळ प्रोग्रामही कुणालाही वाचता येतो. जादा आणि विरोधी अटी तो वेगवेगळ्या दाखवतो. सगळे पक्के झाले की चित्र हिरवे होते. पण अटी पुऱ्या झाल्या, एवढेच तो हिरवा रंग सांगतो. माप मुळातच चुकीचे घातले असेल, तर ते त्याला कळत नाही.

म्हणून परीक्षेत हिरवे चित्र मागू नका. बिघडलेले चित्र द्या आणि विचारा: यातली कोणती अट काढाल, आणि का?