दाताच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी

जळगावच्या सराफ बाजारात दागिना हाती आला की ग्राहक प्रथम त्यावरील हॉलमार्क पाहतो. आता सहा अंकाक्षरांची ओळखही त्यावर कोरलेली असते आणि ती वाचण्यासाठी भिंग मागण्यात कोणालाही संकोच वाटत नाही. धुळ्याच्या धान्यबाजारातील व्यापारी आपला इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वैधमापन खात्याकडून तपासून घेतो, कारण मुद्रा नसेल तर दंड तर होतोच, पण पेढीची पतही जाते. पारख हा या समाजाचा पिढीजात गुण आहे. परंतु दाढ ठणकू लागली की तेच कुटुंब जवळचा दवाखाना गाठते, खुर्चीवर आडवे होते आणि डोळे मिटून तोंड उघडते. हत्यारे कशी निर्जंतुक केली, हे विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अवमान, अशी एक समजूत घर करून बसली आहे.

ही समजूत किती महाग पडू शकते, हे तमिळनाडूतील वाणियंबाडीच्या घटनेने दाखवून दिले. तेथील एका दंतचिकित्सालयात उपचार घेतलेल्या काही रुग्णांना २०२३ मध्ये मेंदूचा दुर्मीळ जंतुसंसर्ग झाला आणि त्यांतील आठ जण दगावले. माती व पाण्यात राहणारा हा जंतू तोंडाच्या जखमेतून शरीरात शिरला होता. तपासात जे कारण पुढे आले, ते अगदी क्षुल्लक वाटावे असे होते. सलाइनची बाटली निर्जंतुक न केलेल्या हत्याराने उघडली जाई, कापसाच्या बोळ्याने बंद केली जाई आणि तेच पाणी पुढील रुग्णांसाठी वापरले जाई. आठ जीव गेले ते एका बाटलीच्या हयगयीमुळे.

जैन घराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. उकळलेल्या पाण्यालाही काळाची मर्यादा असते. पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच, हा हिशेब अनेक घरांत आजही पाळला जातो. उघडलेली बाटली आणि बंद बाटली यांतील भेद ज्या स्वयंपाकघराला कळतो, त्याला दवाखान्यातही तो कळला पाहिजे. मात्र येथे एक सावधगिरी हवी. पिण्याच्या पाण्यास उकळी पुरते, हत्यारांस पुरत नाही. काही जंतू बीजाणूंच्या रूपात उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यांच्यासाठी दाबाखालील वाफ लागते. ऑटोक्लेव्ह हे यंत्र तेच करते. साध्या यंत्रात १२१ अंश सेल्सिअसला वेष्टनातील हत्यारांस साधारण अर्धा तास लागतो. निर्वात पद्धतीच्या यंत्रात १३४ अंशांना काही मिनिटे पुरतात. घरचा कुकर ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर हे यंत्र चालते.

मग सरकार तपासणी करीत नाही काय? करते, पण तुकड्यातुकड्यांनी. दंतवैद्यांच्या नोंदणीचे तत्त्व १९४८ च्या कायद्याने आले आणि महाराष्ट्रात ती नोंद राज्य दंत परिषदेकडे असते. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला. क्ष-किरण यंत्राची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे होते. कचऱ्यासाठी २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम आहेत आणि त्यांवर प्रदूषण नियंत्रण मंडळाची देखरेख असते. खाटांच्या रुग्णालयांसाठी १९४९ चा राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. एका खुर्चीच्या दवाखान्याकडे पाहणाऱ्या यंत्रणा मात्र अशा विखुरलेल्या आहेत. प्रत्येकजण आपापला भाग पाहतो. सगळे भाग एकाच वेळी पाहण्याची संधी मिळते ती खुर्चीवर बसणाऱ्या रुग्णाला.

त्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही, व्यापाऱ्याची नजर पुरते. भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का, त्यावरील नाव उपचार करणाऱ्याचेच आहे का आणि त्याची मुदत चालू आहे का, हे प्रथम पाहावे. हत्यारांचा संच बंद पाकिटातून रुग्णासमोर उघडला जातो का, हे त्यानंतर. त्या पाकिटावरील खूण उष्णतेने रंग बदलते. मात्र ती खूण पाकीट यंत्रातून गेल्याचेच सांगते. यंत्र खरोखर जंतू मारते की नाही, हे बीजाणू-चाचणीने कळते आणि ती दर आठवड्यास व्हावी अशी शिफारस आहे. तिची नोंदवही मागण्यास हरकत नसावी. दात कोरण्याचे फिरते यंत्र नुसते स्पिरिटने पुसून पुढच्या तोंडात जात असेल, तर ती धोक्याची सूचना समजावी. सुई नवी असावी, दाढ काढताना सलाइनची बाटली ताजी फोडलेली असावी आणि हातमोजे प्रत्येक रुग्णागणिक बदललेले असावेत. कोपऱ्यात पिवळी, लाल, निळी आणि सुयांसाठी पांढरी अशी वेगवेगळी पात्रे दिसली, तर त्या दवाखान्याला शिस्त आहे असे मानण्यास आधार मिळतो.

सुरक्षिततेइतकाच प्रश्न गुणवत्तेचा आहे. रूट कॅनॉलपूर्वी क्ष-किरण चित्र काढले का, दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावला का, खर्चाचा अंदाज लेखी दिला का, या प्रश्नांची उत्तरे दवाखान्याचा दर्जा सांगतात. इम्प्लांट बसविले असेल तर कंपनीचे नाव व बॅच क्रमांक असलेली चिठ्ठी मागून घ्यावी आणि बिलासोबत जपून ठेवावी. मोठ्या खर्चाच्या कामापूर्वी दुसरे मत घेणे शहाणपणाचे असते. धुळ्यात अण्णासाहेब चुडामण पाटील यांच्या नावाचे दंत महाविद्यालय आहे. खान्देशातील रुग्णाला त्यासाठी मुंबई-पुणे गाठण्याचे कारण नाही.

विचारण्याची रीत मात्र सभ्य असावी. उलटतपासणीच्या सुरात नव्हे, तर 'डॉक्टरसाहेब, हत्यारे कशी निर्जंतुक करता, पाहता येईल का?' एवढे पुरे. ज्याने यंत्रावर पैसे खर्च केले आहेत आणि नोंदवही राखली आहे, त्याला हा प्रश्न आवडतो. ज्याचा काटा खरा, तो ग्राहकाला मुद्रा स्वतःहून दाखवितो. उत्तर टाळले जात असेल, तर तेही एक उत्तरच आहे. इतके करूनही हानी झालीच, तर शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. पण तेथे भरपाई मिळते, गेलेले माणूस मिळत नाही.

घरातील आजी दुखऱ्या दाढेसाठी दवाखान्यात निघाली की सोबत नातू जातो, बहुधा मोबाइल पाहत बाहेरच्या बाकावर बसतो. त्याने पाच मिनिटे आत उभे राहावे आणि पाकीट उघडताना पाहावे. आजीसाठी त्या दिवशीची तीच खरी सोबत ठरेल.