व्हिसा सुटला, जबाबदारी वाढली

सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड या तीन नावांनी महाराष्ट्रातील मध्यमवर्गाची परदेशवारी गेली अनेक वर्षे सुरू होत आली आहे. पर्यटन कंपनीने ठरवलेल्या तारखा, टूर मॅनेजरच्या हातातील पासपोर्टांचा गठ्ठा आणि दिवसभराच्या भटकंतीनंतर पानात वरण-भात अशी त्या सहलीची घडी बसलेली होती. अलीकडे ही घडी मोडू लागली आहे. तिकिटे, हॉटेले आणि व्हिसा यांची जमवाजमव संगणकावर किंवा हातातल्या मोबाइलवर करून एकाच फेरीत तीन-चार शहरे पाहण्याचा बेत अनेक कुटुंबे स्वतःच आखतात.

या बदलामागे केवळ हौस नाही. भारतीय पर्यटकांसाठी आग्नेय आशियातील देशांनी गेल्या काही वर्षांत आपली दारे झपाट्याने उघडली आहेत. मात्र व्हिसाची अट गेली म्हणजे सहलीची जोखीमही गेली, असा जो समज पसरला आहे, तो तपासून पाहण्याची गरज आहे. पूर्वी जी जबाबदारी पर्यटन कंपनी उचलत होती, ती आता प्रवाशाच्या खांद्यावर आली आहे. बहुतेक बेत बिघडतात ते शहरांत नव्हे, तर दोन शहरांच्या सांध्यावर.

सवलती सारख्या नाहीत

थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश दिला आणि जुलै २०२४ मध्ये ही मुदत ६० दिवसांवर नेली. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची सवलत सुरू केली व पुढे ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. फिलिपिन्सने जून २०२५ पासून १४ दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी व्हिसा माफ केला. कोरोनाच्या साथीत कोलमडलेला पर्यटन व्यवसाय सावरण्याची निकड आणि चिनी पर्यटकांच्या ओघात पडलेला खंड ही या औदार्यामागची कारणे होत.

कारणे आर्थिक असल्यामुळे सवलतीही परिस्थितीनुसार बदलणाऱ्या आहेत. थायलंडमध्ये २०२५ मध्येच ६० दिवसांची मुदत कमी करण्याची चर्चा सुरू झाली होती. मलेशियाची सवलत तर प्रारंभापासूनच मुदतबंद आहे. त्यामुळे वर्षभरापूर्वी जाऊन आलेल्या नातेवाइकांचा अनुभव हा नियमाचा पुरावा मानता येत नाही. तिकीट काढण्यापूर्वी संबंधित दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पाहणे आणि निघण्यापूर्वी तो पुन्हा एकदा पडताळणे, यास पर्याय नाही.

या साऱ्यात सिंगापूरचे वेगळेपण अनेकांच्या लक्षात येत नाही. तेथे भारतीय पासपोर्टधारकांना आजही आधी व्हिसा घ्यावा लागतो. शिवाय प्रवेशाच्या अटी पूर्ण न करणाऱ्या प्रवाशाला विमानातच चढू न देण्याच्या सूचना विमान कंपन्यांना देण्याची व्यवस्था सिंगापूरने ३० जानेवारी २०२६ पासून अमलात आणली. म्हणजे चांगीच्या खिडकीवर विनवणी करण्याची वेळही येणार नाही. निर्णय मुंबईच्याच विमानतळावर होईल.

व्हिसा नको म्हणजे कागद नकोत, असेही नाही. थायलंडने १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनापूर्वी ऑनलाइन माहितीपत्र भरणे बंधनकारक केले. मलेशिया आणि सिंगापूर यांचीही अशी आगमनपत्रे आहेत. ही तिन्ही पत्रे सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य भरता येतात. तरीही हुबेहूब सरकारी भासणाऱ्या खासगी संकेतस्थळांना पैसे मोजणारे प्रवासी आढळतात. पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत आणि परतीचे तिकीट या जुन्या अटी तर कायमच आहेत.

सांध्यावरचे खड्डे

एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना काय घडते, याचा विचार आखणीत सर्वांत कमी होतो. स्वस्ताईच्या मोहाने दोन वेगवेगळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटे काढली जातात. अशा वेळी पहिले विमान उशिरा पोहोचले आणि दुसरे निघून गेले, तर दुसऱ्या कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही. तिच्या दृष्टीने प्रवासी वेळेवर हजर झालाच नाही. एकाच आरक्षणाखाली जोडलेल्या तिकिटांवर मात्र पुढची सोय करण्याचे बंधन सामान्यतः कंपनीवर असते. दोन तिकिटांच्या दरातील फरक म्हणजे एका अर्थी या हमीचीच किंमत असते.

स्वतंत्र तिकिटांचा दुसरा धोका याहून गंभीर आहे. सामान एका विमानातून घेऊन दुसऱ्यासाठी पुन्हा द्यायचे, तर प्रवाशाला इमिग्रेशन ओलांडून त्या देशात प्रवेश करावा लागतो. थायलंड किंवा मलेशियात ही अडचण जाणवत नाही. सिंगापूरमार्गे बालीला जाणाऱ्या, पण सिंगापूरचा व्हिसा नसलेल्या कुटुंबाची मात्र येथे कोंडी होते. सिंगापूर पाहायचेच नव्हते, हा युक्तिवाद तेथे कामास येत नाही.

बँकॉकला दोन विमानतळ आहेत. सुवर्णभूमीवर उतरायचे आणि पुढचे स्वस्त विमान डॉन मुआंगहून पकडायचे, तर शहराच्या वाहतूक कोंडीतून चाळीस किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. कागदावर चार तासांचा दिसणारा अवधी प्रत्यक्षात अपुरा ठरतो. क्वालालंपूरच्या विमानतळावरही दोन टर्मिनल आहेत आणि स्वस्त विमानसेवांची वर्दळ प्रामुख्याने दुसऱ्या टर्मिनलवर असते.

व्हिएतनामच्या बाबतीत चूक होते ती प्रवेशांच्या संख्येत. ऑगस्ट २०२३ पासून या देशाचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळू लागला. एका प्रवेशासाठी २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांसाठी ५० डॉलर असे त्याचे शुल्क आहे. हनोई पाहून कंबोडियातील अंगकोर वाट गाठायचे आणि परतताना हो ची मिन्ह शहर करायचे, असा बेत नकाशावर सुरेख दिसतो. परंतु त्यात व्हिएतनाममध्ये दोनदा प्रवेश होतो. पंचवीस डॉलर वाचवणाऱ्या कुटुंबाला परतीच्या विमानात चढताच येत नाही. तेव्हा आधी संपूर्ण व्हिएतनाम आणि मग कंबोडिया, असा क्रम लावणे हाच साधा उपाय.

सीमेचा भरवसा

बँकॉकहून बसने अरण्यप्रथेत-पॉयपेत सीमा ओलांडून सिएम रीपला पोहोचणे, हा कमी खर्चात फिरणाऱ्यांचा अनेक वर्षांचा प्रघात होता. प्रवासाच्या जुन्या पुस्तकांत तो आजही सापडेल. जून २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यातील सीमातंट्यामुळे ही वाट बंद झाली. २४ जुलै रोजी प्रत्यक्ष लढाईला तोंड फुटले. मलेशियाच्या मध्यस्थीने २८ जुलैला शस्त्रसंधी झाली, ऑक्टोबरमध्ये क्वालालंपूर येथे करारही झाला. तरीही डिसेंबरमध्ये पुन्हा तोफा धडाडल्या आणि २७ डिसेंबरला नव्याने शस्त्रसंधी करावी लागली. जुलैतील संघर्षाच्या काळात भारतीय दूतावासाने थायलंडच्या सीमावर्ती सात प्रांतांत न जाण्याचा सल्ला दिला होता.

या घटनाक्रमाचा अर्थ आग्नेय आशिया असुरक्षित झाला, असा नव्हे. बँकॉक, फुकेत किंवा सिएम रीप ही शहरे लढाईच्या पट्ट्यापासून दूर होती. मात्र ज्यांची पुढची सारी आरक्षणे त्या एका बसवर अवलंबून होती, त्यांचा बेत कोलमडला. जमिनीवरील सीमा ओलांडण्याचा बेत असेल, तर त्याच मार्गाचा विमानप्रवास परवडतो की नाही हे आधीच पाहून ठेवावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेला सिएम रीपचा नवा विमानतळ शहरापासून बराच दूर असल्याने तेथील टॅक्सीचा खर्चही हिशेबात धरावा लागतो.

याउलट सिंगापूर आणि मलेशिया यांच्यातील जमिनीवरचा मार्ग दीर्घकाळ विश्वासार्ह राहिला आहे. क्वालालंपूरहून सिंगापूरला बसने पाच ते सहा तास लागतात. शनिवार-रविवारी व सणासुदीला जोहोर बारूच्या सीमेवर लागणारी रांग तेवढी ध्यानात ठेवावी लागते.

आपली सुटी, त्यांचा पाऊस

मराठी कुटुंबाची सहल शाळेच्या सुट्यांना बांधलेली असते. दिवाळी, नाताळ आणि मे महिना हे तीनच पर्याय उरतात. आपल्याकडे दिवाळीला पावसाळा सरलेला असतो आणि म्हणूनच तिकडेही तसेच असेल, अशी समजूत होते. वस्तुस्थिती उलट आहे. ऑक्टोबरपासून ईशान्येकडील मोसमी वारे दक्षिण चीन समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि पूर्वेला तोंड असलेल्या किनाऱ्यांवर रिते होतात. मध्य व्हिएतनाम, थायलंडच्या आखातातील कोह सामुई आणि मलेशियाचा पूर्व किनारा यांचा खरा पावसाळा तेव्हा सुरू होतो.

२०२५ ची भाऊबीज होऊन चार दिवस झाले असतील, तोच मध्य व्हिएतनाममधील हुएनजीकच्या बाख मा डोंगरावर २४ तासांत १७०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे आठवले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. हुए आणि पर्यटकांचे लाडके होई आन ही दोन्ही शहरे पाण्याखाली गेली. पाठोपाठ नोव्हेंबरच्या उत्तरार्धात दक्षिण थायलंडमधील हात याई बुडाले.

म्हणून दिवाळीच्या सुटीत हनोई, निन्ह बिन्ह यांसारखा व्हिएतनामचा उत्तर भाग आणि बँकॉक किंवा चियांग माई यांची सांगड घालणे अधिक शहाणपणाचे. ऑक्टोबरमध्ये तिकडे एखादे वादळ येऊ शकते, परंतु एकंदर हवा प्रसन्न असते. नाताळात फुकेत-क्राबीचा अंदमान समुद्राकडील किनारा कोरडा असतो. त्याचा पावसाळा मे ते ऑक्टोबर असा चालतो. मे महिन्यात बालीत कोरडा ऋतू असतो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात चियांग माईवर शेतातील व जंगलातील आगींचा धूर साचतो. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर ते शहर तेव्हा टाळलेले बरे.

हिशेब पैशांचा आणि जबाबदारीचा

परदेशी सहलीच्या पॅकेजवर पर्यटन कंपनी आगाऊ कर वसूल करते. ऑक्टोबर २०२३ पासून हा दर ७ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरील रकमेवर २० टक्के होता. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख झाली. २०२६ च्या अर्थसंकल्पात रकमेची मर्यादा न ठेवता दर २ टक्क्यांवर आणण्याची घोषणा करण्यात आली. ही रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात वळती करून घेता येते. परंतु ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही अशा निवृत्तांना परताव्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते.

नुसते विमानाचे तिकीट किंवा नुसते हॉटेल घेतल्यास ही वसुली होत नाही. स्वतः आखणी करण्याकडे कल वाढण्याचे हेही एक कारण आहे. तथापि त्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. पॅकेजमध्ये एक दुवा तुटला, तर निदान जाब विचारण्यासाठी एक दार असते. सुट्या आरक्षणांत विमान कंपनी, हॉटेल आणि मध्यस्थ संकेतस्थळ हे प्रत्येकजण आपल्यापुरते बरोबर असतात आणि नुकसान मात्र प्रवाशाचे होते. त्यासाठी पहिल्या आणि शेवटच्या शहराचे तिकीट एकाच आरक्षणात घेणे, हॉटेले रद्द करता येण्याजोगी निवडणे आणि प्रवास विमा घेताना त्यात हुकलेल्या विमानाची भरपाई आहे का, हे वाचून पाहणे आवश्यक ठरते.

सामानाचाही हिशेब देशागणिक वेगळा असतो. सिंगापूरच्या नियंत्रित वस्तूंच्या यादीत खसखस आहे. दिवाळीत खसखशीवर थापलेले अनारसे प्रेमाने बॅगेत भरणाऱ्यांनी हे जाणून असावे. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि झोपेच्या काही गोळ्या यांनाही तेथे पूर्वपरवानगी लागते. तीन देशांच्या सहलीत नियम सर्वांत कडक देशाचाच पाळावा लागतो, कारण बॅग एकच असते.

किती शहरे पुरेत?

पहिल्याच खेपेला सारे पाहून घ्यावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. अनेक घरांत ही सहल काही वर्षांच्या बचतीतून होते आणि पुन्हा कधी जमेल याची शाश्वती नसते. पण शहर बदलण्याची किंमत वेळेत मोजून पाहावी. सकाळी हॉटेल सोडायचे, तीन तास आधी विमानतळावर पोहोचायचे, दोन तासांचा प्रवास, पुन्हा इमिग्रेशन आणि दुपारी तीननंतर मिळणारी खोली. यात अर्धा दिवस सहज जातो आणि बरोबर वृद्ध किंवा लहान मुले असल्यास पूर्ण दिवसही. दहा दिवसांत पाच शहरे ठरवली, तर चार वेळा मुक्काम हलवण्यात किमान दोन दिवस आणि येण्याजाण्यात आणखी एक दिवस खर्ची पडतो. उरलेल्या सात दिवसांत पाच शहरे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दीड दिवसही येत नाही.

दहा दिवसांसाठी दोन देश आणि तीन शहरे ही मर्यादा पहिल्या सहलीला पुरेशी आहे. एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतीचे विमान घेतल्यास मागे फिरण्याचा दिवसही वाचतो. परतीच्या आदली रात्र ज्या शहरातून विमान सुटते, त्याच शहरात काढावी. शेवटच्या दिवशीचा सांधा निखळला तर तो दुरुस्त करायला वेळच उरत नाही.

पर्यटन कंपन्यांच्या ठरीव चौकटीतून मध्यमवर्ग बाहेर पडत आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मुलाबाळांना जग दाखवण्याचा अधिकार आता मोठ्या गटाच्या वेळापत्रकाला बांधलेला राहिलेला नाही. मात्र टूर मॅनेजर सोबत नसला तरी त्याचे काम शिल्लक राहते आणि ते घरातील कोणीतरी निघण्यापूर्वीच करून ठेवायचे असते.