पाटी नंतर, नाव आधी

कंपनीचं नाव सरकार काढून घेऊ शकतं आणि त्या जागी अक्षरं-आकड्यांची एक ओळ बसवू शकतं, हे नव्यानं धंद्यात उतरणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं. कंपनीचं नाव दुसऱ्याच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं निघालं, तर त्या ट्रेडमार्कचा मालक कंपनीच्या स्थापनेपासून तीन वर्षांच्या आत सरकारकडे दाद मागू शकतो. त्याचं म्हणणं पटलं, तर सरकारचे प्रादेशिक संचालक तीन महिन्यांत नाव बदलण्याचा आदेश काढतात. आदेश पाळला नाही, तर १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार त्या कंपनीला नवं नाव मिळतं : ‘ओआरडीएनसी’ ही पाच अक्षरं, वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा ओळख क्रमांक. प्रादेशिक संचालकांचा आदेश पाळलेला नाही, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. पुढे प्रत्येक पत्रावर, प्रत्येक करारावर तेच नाव.

ही वेळ फार थोड्या कंपन्यांवर येत असेल. पण ज्या चुकीतून ती येते, ती गावोगावी रोज होते.

धंदा सुरू करायचा ठरला की नाव सुचतं आईवरून, लेकीवरून, कुलदैवतावरून. घरात सगळ्यांना ते आवडतं. मग पेंटर येतो, पिशव्या आणि बिलबुकं छापून होतात, इन्स्टाग्रामवर पान उघडलं जातं. त्यानंतर कागदपत्रांची धावपळ : मुंबईत ज्याला गुमास्ता म्हणतात आणि पुण्यात शॉप अ‍ॅक्ट, तो कागद, उद्यम नोंदणी, जीएसटी, बँकेतलं चालू खातं. हातात तीन-चार कागद, प्रत्येकावर दुकानाचं नाव ठळक छापलेलं. नाव आपलं झालं असं कुणालाही वाटेल.

पण यातला एकही कागद नावाची मालकी देत नाही. शॉप अ‍ॅक्टच्या दाखल्यातून कळतं, की अमुक पत्त्यावर अमुक आस्थापना आहे. उद्यम नोंदणी उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम हे ठरवते. जीएसटी क्रमांक करासाठी असतो. एकाच नावाच्या दहा दुकानांना हे सगळे कागद बिनदिक्कत मिळू शकतात. नावावरचा हक्क मुख्यतः दोनच गोष्टींतून उभा राहतो : ट्रेडमार्कची नोंदणी आणि प्रामाणिक, सलग, पुराव्यानिशी दाखवता येणारा वापर.

सरकारला नावांशी देणंघेणं नाही असं मात्र नाही. ‘शिवाजी’ हा शब्द व्यापारी कारणासाठी वापरण्यावर १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या कायद्यानं निर्बंध आहेत. महाराष्ट्रानं २०२२ मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून देवनागरीतली मराठी पाटी छोट्या दुकानांनाही बंधनकारक केली आणि दारूच्या दुकानांना महापुरुषांची वा गडकिल्ल्यांची नावं देण्यास मनाई केली. पाट्या बदलायला सर्वोच्च न्यायालयानं २५ सप्टेंबर २०२३ रोजी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा राज्यभर पाट्यांची चर्चा झाली. पाटीवर लिपी कोणती आणि अक्षर केवढं, हे सगळ्यांनी पाहिलं. तिच्यावरचं नाव दुकानदाराचं स्वतःचं आहे का, हे त्याला त्या गडबडीत कुणी विचारलं नाही.

दुसरा गैरसमज स्पेलिंगचा. अंकशास्त्र पाहून एक ‘ए’ वाढवला की नाव वेगळं झालं, असं अनेकांना वाटतं. कायदा इथे कानाला विचारतो. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांचा वाद आला. शब्द फोडून अर्थ लावला तर दोन्ही वेगळे. पण साधा गिऱ्हाईक शब्दांची फोड करत बसत नाही, त्याला नाव अर्धवट आठवतं आणि तो त्या आठवणीवर माल मागतो, या कसोटीवर न्यायालयानं ती नावं फसगत होण्याइतकी सारखी ठरवली. कंपन्यांच्या नियमांत भाषांतराचीही पळवाट बुजवलेली आहे. ‘नॅशनल इलेक्ट्रिसिटी कॉर्पोरेशन’ असताना ‘राष्ट्रीय विद्युत निगम’ काढता येत नाही, असं उदाहरण त्या नियमांतच दिलं आहे.

मग नाव कसं असावं? ‘अस्सल’, ‘घरगुती’, ‘चविष्ट’ हे शब्द मालाचं वर्णन करतात, म्हणून ते एकट्याला सहसा मिळत नाहीत. गावाच्या नावाचं तेच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते नाव महाराष्ट्रातल्या चार व कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांतल्या कारागिरांचं सामाईक धन झालं. कायद्याच्या दृष्टीनं सर्वांत भक्कम नाव असतं ते घडवलेलं. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईचा धंदा सुरू केला. त्यांच्या ‘कॅमल इंक’मधून ‘कॅमलिन’ हा कुठल्याच शब्दकोशात नसलेला शब्द तयार झाला. पेंढारकरांच्या ‘विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’च्या आद्याक्षरांतून ‘विको’ झालं. या शब्दांना आधी काही अर्थच नव्हता, त्यामुळे त्यांच्यावर दुसऱ्या कुणाचा दावाही नव्हता.

आडनावाची ओढ मराठी व्यापाऱ्याला विशेष आहे, आणि ती समजण्यासारखी आहे; आडनावामागे घराण्याचा शब्द उभा असतो. पण घर वाढतं, वाटण्या होतात, नाव मात्र एकच राहतं. ‘किर्लोस्कर’ हे नाव कंपन्यांच्या नावात कोणी वापरायचं, याचा वाद नव्वदच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ‘किर्लोस्कर डिझेल रिकॉन’वरची मनाई कायम राहिली. विलेपार्ल्यावरून आलेलं ‘पार्ले’ हे नाव एकाच घराण्यातून निघालेल्या दोन कंपन्यांना कोर्टात घेऊन गेलं. आडनाव ठेवायचंच असेल, तर ते कोणाच्या मालकीचं आणि वेगळं झाल्यावर कोणी वापरायचं, हे भागीदारीच्या करारात पहिल्याच दिवशी लिहावं.

नावाला वेळ दिला म्हणून धंदा अडत नाही. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ‘लिज्जत’ हे नाव आलं १९६२ मध्ये, पाच रुपये बक्षिसाच्या स्पर्धेतून.

नाव लोकांनीच ठेवलं असेल, तर जुनी बिलं जपावीत. तिरुनेलवेलीतल्या एका हलव्याच्या दुकानात पुरेसा उजेड नसायचा, म्हणून गिऱ्हाईक त्याला ‘इरुट्टुकडै’, म्हणजे अंधारं दुकान, म्हणू लागले. पुढे त्या नावाची नोंदणी दुसऱ्यानं करून घेतली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला, की आधीपासून वापर करणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ आहे. जुन्या दुकानदारांना हा मोठा आधार आहे, पण तो हाती पडेपर्यंत प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं होतं.

त्या मानानं आधीची वाट स्वस्त आहे. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर उच्चारानुसार नाव शोधता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. माल आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाला ३० व्या वर्गात, खानावळ ४३ व्या. ऑनलाइन अर्जाचं शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर चार महिने हरकतींसाठी असतात. नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं चालते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. दुकानाच्या पाटीवर आणि पॅकिंगवर जो खर्च होतो, त्याच्यापुढे ही रक्कम जड नाही.

तरीही सगळा भार नवख्या उद्योजकावर टाकणं योग्य नाही. त्याच्याकडून नाव लिहून घेणारी खिडकी सरकारचीच आहे, तेव्हा या कागदानं काय मिळत नाही हेही तिनंच सांगायला हवं. शॉप अ‍ॅक्टच्या आणि उद्यमच्या दाखल्यावर ‘या नोंदणीमुळे नावाचा मालकी हक्क मिळत नाही’ हे वाक्य ठसठशीत मराठीत छापायला कायदा बदलावा लागत नाही. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं प्रकरण जिल्हा उद्योग केंद्रात येतं, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यानं अर्जदाराला शेजारी बसवून नावाचा शोध घ्यावा आणि त्याचा कागद प्रकरणाला जोडावा. ‘उमेद’च्या बचत गटांसाठी तर ही मदत गटाच्या पहिल्या प्रशिक्षणातच हवी. मसाल्याचं पाकीट महालक्ष्मी सरस प्रदर्शनात मुंबईला पोहोचतं, तेव्हा ते अनोळखी शहरात केवळ त्याच्यावरच्या नावानं ओळखलं जातं, आणि ते नाव बदलायला लागलं तर पुढच्या वर्षी त्या बायकांना गिऱ्हाईक नव्यानं शोधावं लागेल.